व्युत्पत्तीचा पुरावा : 'लिटरेचर', 'वाङ्मय' आणि एक सोयीस्कर गैरसमज

इंग्रजीतील 'लिटरेचर' हा शब्द लॅटिन 'लिट्टेरा' म्हणजे अक्षर या शब्दापासून निघाला. म्हणून पाश्चात्त्यांची साहित्यकल्पना मुळातच लिपिबद्ध, ग्रंथनिष्ठ आणि मौखिकाला वगळणारी आहे. याउलट 'वाङ्मय' हा शब्द 'वाक्'पासून सिद्ध झाला. म्हणून भारतीय कल्पना मुळातच वाणीची आणि मौखिकाला सामावून घेणारी आहे. हा युक्तिवाद मराठीत चर्चासत्रांच्या बीजभाषणांतून, प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणांतून आणि लोकसाहित्यविषयक ग्रंथांच्या प्रस्तावनांतून इतक्या वेळा मांडला गेला आहे की तो आता युक्तिवाद राहिलेला नसून मंगलाचरण झाला आहे. मंगलाचरणाची कोणी उलटतपासणी करीत नाही. परंतु या मंगलाचरणावर पुढे अभ्यासक्रमांची, वाङ्मयेतिहासाच्या कालखंडांची आणि मूल्यमापनाच्या निकषांची इमारत उभी केली जाते, आणि तेव्हा पाया तपासणे भाग पडते.

हा युक्तिवाद केवळ मराठीचा आहे असेही नाही. वॉल्टर ओंग यांनी 'ओरॅलिटी अँड लिटरसी' (१९८२) या ग्रंथाच्या आरंभीच 'मौखिक साहित्य' ही संज्ञा विपरीत ठरवून फेटाळली आहे. त्यासाठी त्यांनी पुढे केलेले एक कारण हेच आहे : 'लिटरेचर' म्हणजे तत्त्वतः लिखित, कारण त्याच्या मुळाशी वर्णमालेतील अक्षर आहे. मौखिक रचनेला साहित्य म्हणणे हे घोड्याला चाके नसलेली मोटारगाडी म्हणण्यासारखे आहे, असा त्यांचा दृष्टान्त. दृष्टान्त चटकदार आहे, आणि ओंग यांचे मौखिक संस्कृतीविषयीचे मूळ प्रतिपादन या व्युत्पत्तीवर अवलंबून नाही हेही खरे. पण मराठीत त्यांच्यापासून उचलले गेले ते बहुधा प्रतिपादन नव्हे, व्युत्पत्तीच.

तेव्हा या शब्दाचा प्रवास खरोखर कसा झाला ते पाहणे आवश्यक आहे.

पहिली अडचण अगदी मुळाशीच आहे. 'लिट्टेरा' हा शब्द कोठून आला याविषयी लॅटिनच्या अभ्यासकांत एकमत नाही. 'लिनेरे', म्हणजे माखणे, सारवणे, या धातूशी त्याचा संबंध जोडण्याची प्रथा जुनी आहे. सातव्या शतकातील सेव्हिलचा इसिडोर तर 'लिट्टेरा' म्हणजे 'लेगितेरा', वाचणाऱ्याला वाट करून देणारी, असे सांगून मोकळा झाला. अलीकडच्या काळात वारंवार चर्चिला गेलेला तर्क असा की ग्रीक 'दिफ्थेरा', म्हणजे लिहिण्यासाठी कमावलेले कातडे, हा शब्द एट्रुस्कनमार्गे लॅटिनमध्ये येऊन 'लिट्टेरा' झाला. हा तर्कच आहे, सिद्धान्त नव्हे. पण तो क्षणभर ग्राह्य धरला तर गंमत अशी होते की याच 'दिफ्थेरा'पासून अरबी-फारसी 'दफ्तर' आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि फारसीतून ते मराठीत 'दप्तर' होऊन स्थिरावले. म्हणजे शाळकरी पोराच्या पाठीवरचे ओझे, पुण्याचे पेशवे दप्तर आणि पाश्चात्त्यांचे 'लिटरेचर' ही सारी एकाच कातड्याची लेकरे. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून घटसर्पालाही वैद्यकात याच शब्दावरून नाव मिळाले आहे. मूळ शोधून स्वभाव ठरवायचा असेल तर साहित्याचा स्वभाव कोणता मानायचा? अक्षराचा, चामड्याचा, कचेरीचा की रोगाचा?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लॅटिन 'लित्तेरातूरा' हा शब्द स्वतःच एक भाषांतर आहे. क्विंटिलियनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्पष्ट नोंदवले आहे की ग्रीक 'ग्रामातिके' या शब्दाचे लॅटिन रूपांतर करताना 'लित्तेरातूरा' हा शब्द योजला गेला. ग्रीक 'ग्रामा' म्हणजे अक्षर. त्यासाठी लॅटिन 'लिट्टेरा'. त्यावर प्रत्यय चढवून विद्येचे नाव. म्हणजे आरंभी या शब्दाचा अर्थ काव्य-नाटक-कथा यांचा समूह असा नव्हताच, तर अक्षरविद्या, व्याकरण, लिहिण्यावाचण्याचे शिक्षण असा होता. मराठी समीक्षेतील संज्ञा भाषांतरित आहेत आणि म्हणून परक्या आहेत अशी तक्रार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की ज्या संज्ञेला ते अस्सल पाश्चात्त्य समजतात तीही भाषांतरानेच जन्मली. पुढे तर्तुलियनसारख्या ख्रिस्ती लेखकांनी याच शब्दाने अख्रिस्ती ग्रंथसंभाराचा निर्देश केला आणि धर्मग्रंथांसाठी 'स्क्रिप्तूरा' हा शब्द राखून ठेवला. लिखित दोन्ही होते. भेद श्रद्धेचा होता, लिपीचा नव्हता.

शब्द फ्रान्समध्ये पोचला तो दोन वाटांनी, आणि मराठी वाचकाला ही गोष्ट तत्काळ ओळखीची वाटावी. एक वाट बोलणाऱ्यांच्या तोंडातून गेली. 'लिट्टेरा'चे जुन्या फ्रेंचमध्ये 'लेत्र' झाले, 'लित्तेरातूरा'चे 'लेत्रऊर' झाले. जसे 'आर्मातूरा'चे 'आर्मऊर' झाले, ज्यातून पुढे इंग्रजीतील 'आर्मर', म्हणजे चिलखत, आले. दोन स्वरांमधला 'त' झिजून जाणे हा त्या भाषेचा नियम. दुसरी वाट पंडितांच्या लेखणीतून गेली : बाराव्या शतकापासून लॅटिन शब्दच उचलून 'लित्तेरात्यूर' असा वापरला जाऊ लागला. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत पहिला तद्भव, दुसरा तत्सम. नॉर्मन विजयानंतर फ्रेंच ही इंग्लंडच्या दरबाराची भाषा झाली आणि हे दोन्ही शब्द खाडी ओलांडून इंग्रजीत आले. अक्षरासाठी इंग्रजीचा स्वतःचा 'बोकस्टॅफ' हा शब्द होता, ज्याचा भाऊ जर्मनमध्ये आजही नांदतो. त्याची जागा 'लेटर'ने घेतली. लँगलंड आणि चॉसर यांच्या चौदाव्या शतकातील इंग्रजीत तद्भव 'लेट्रुर' सापडतो. चॉसरच्या महंताच्या कथेत बालवयातील नीरोला गुरू शिकवतो ते हेच 'लेट्रुर', आणि त्याच्या जोडीला शिष्टाचार. तत्सम 'लिटरेचर' त्याच सुमारास इंग्रजीत डोकावू लागला. शे-दोनशे वर्षांत तद्भव मेला, तत्सम उरला. चिलखत राहिले, 'लेट्रुर' गेले.

या सगळ्या काळात शब्दाचा अर्थ काय होता? विद्वत्ता. 'लिटरेचर' ही ग्रंथांची नव्हे, माणसाची मालमत्ता होती. अमक्याजवळ पुष्कळ 'लिटरेचर' आहे, असे म्हणत. जसे मराठीत अमक्याची व्युत्पत्ती चांगली आहे, तो व्युत्पन्न आहे, असे म्हणत. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये 'लित्तेरातुस' म्हणजे लॅटिन येणारा. फ्रेंचमध्ये लिहिलेला रोमान्स अस्खलित वाचणारा सरदारही लॅटिन येत नसल्यास या हिशेबाने निरक्षरच, हे मायकेल क्लँची यांनी १९७९ च्या ग्रंथात सविस्तर दाखवले आहे. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात 'लिटरेचर'चा अर्थ विद्या, अक्षरांतील प्रावीण्य असाच दिला आहे. तोच जॉन्सन १७७९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या कवींच्या चरित्रांत मिल्टनच्या पित्याजवळ सामान्यांहून अधिक 'लिटरेचर' असले पाहिजे असे जुन्या अर्थाने लिहितो, कारण पुत्राने त्याला उद्देशून लॅटिन कविता रचली होती. आणि काउलीच्या चरित्राच्या आरंभी त्याच शब्दाने लेखकवर्गाच्या क्षेत्राचा, साहित्यव्यवसायाचा निर्देश करतो. एकच लेखक, एकच ग्रंथमाला, दोन अर्थ. लिट्टेरा मात्र तीच.

आधुनिक अर्थ असा अठराव्या शतकात घडला, आणि तो घडवणारी कारणे लॅटिनमध्ये नव्हती. छापखाना आणि पुस्तकांचा बाजार, आश्रयदात्याची जागा घेणारा वाचकवर्ग, सौंदर्यशास्त्राची नव्याने झालेली मांडणी, राष्ट्र आणि त्याची भाषा यांचे जडलेले नाते ही ती कारणे. १७५९ मध्ये लेसिंग आणि त्याचे सहकारी 'नूतन साहित्या'विषयी पत्रमाला सुरू करतात. १७६२ मध्ये एडिंबरोत ह्यू ब्लेअर यांच्यासाठी वक्तृत्व आणि 'बेल-लेत्र' यांचे राजाध्यासन निर्माण होते. १८०० मध्ये मादाम द स्ताल साहित्याचा सामाजिक संस्थांशी असलेला संबंध हाच ग्रंथाचा विषय करतात. रेने वेलेक यांनी ही सारी वाटचाल बारकाईने नोंदवली आहे आणि रेमंड विल्यम्स यांनी 'कीवर्ड्स' (१९७६) मध्ये तिचे सामाजिक अंग उलगडले आहे. ज्याला पाश्चात्त्य साहित्यकल्पनेवर टीका करायची असेल त्याने या अडीचशे वर्षांवर करावी. ती टीका पुष्कळ ठिकाणी न्याय्यही ठरेल. पण ती करायला इतिहास वाचावा लागतो. व्युत्पत्तीला कोशाचे एक पान पुरते.

शब्दाचा अर्थ ठरवण्याचा प्रश्न जेव्हा खरोखर सत्तेचा प्रश्न झाला, तेव्हा काय घडले याचे उदाहरण भारताच्याच इतिहासात आहे, आणि मराठी समीक्षकांनी ते या संदर्भात फारसे विचारात घेतलेले दिसत नाही. १८१३ च्या सनदी कायद्यात 'लिटरेचर'चे पुनरुज्जीवन व सुधारणा, एतद्देशीय विद्वानांना उत्तेजन आणि शास्त्रांच्या ज्ञानाचा प्रसार यांसाठी वार्षिक किमान १ लाख रुपये बाजूस काढण्याची तरतूद होती. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने लिहिलेले टिपण सर्वांना माहीत असते ते युरोपीय ग्रंथालयातील एका फळीविषयीच्या उद्दाम वाक्यामुळे. पण त्या टिपणाचा आरंभ त्या फळीने होत नाही. तो 'लिटरेचर' या शब्दाच्या अर्थाने होतो. कायद्यातील 'लिटरेचर' म्हणजे संस्कृत आणि अरबी ग्रंथसंपदाच, असे विरुद्ध पक्षाचे म्हणणे होते. मेकॉलेने ते खोडले : मिल्टनचे काव्य, लॉकचे तत्त्वज्ञान आणि न्यूटनचे भौतिकशास्त्र जाणणाऱ्या एतद्देशीयाला विद्वान का म्हणू नये? इजिप्तच्या पाशाने साहित्याच्या पुनरुज्जीवनासाठी पैसा ठेवला तर तो चित्रलिपीच्या अभ्यासावरच खर्चावा असे कोणी म्हणेल काय?

येथे दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. एक, न्यूटनचे भौतिकशास्त्र 'लिटरेचर'मध्ये मोडते. मेकॉलेचा शब्द जॉन्सनच्या कोशातला आहे. तो पौर्वात्यांच्या काव्याचा विचार करतो तोही 'लिटरेचर'चा एक विभाग म्हणून. तेव्हा त्या कुप्रसिद्ध वाक्यात त्याने भारतीय कथाकाव्याचा अपमान केला असे समजणे हे अपमान कमी लेखणे आहे; त्याने साऱ्या विद्येचाच केला. आज शब्दाला आलेला अर्थ मागे नेऊन तेथे वाचणारे समीक्षक स्वतःच्या पक्षाचे नुकसान करतात. दोन, या वादात 'लिट्टेरा'ला कोणीही साक्षीला बोलावले नाही. वाद झाला तो कायदा करणाऱ्यांच्या मनात प्रचलित अर्थ कोणता होता यावर, आणि निकाल लागला तो ७ मार्च १८३५ च्या बेंटिंकच्या ठरावाने. पुढच्या काळात हाच शब्द आकसून शेक्सपिअर-मिल्टनच्या अभ्यासक्रमाचे नाव कसा झाला, आणि तो अभ्यासक्रम इंग्लंडच्या आधी भारतात कसा रुजला, हे गौरी विश्वनाथन यांनी 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' (१९८९) मध्ये दाखवले आहे. वसाहतवादाचे पाप दाखवायला कागदपत्रे आहेत. लॅटिन प्रकृति-प्रत्ययांवर ते लादण्याचे कारण नाही.

आता 'वाङ्मया'कडे वळावे. ओंग मौखिक कलेसाठी पर्यायी शब्द शोधताना ग्रीक 'एपोस'पाशी थबकतात आणि नोंदवतात की हा शब्द आणि लॅटिन 'वोक्स' हे एकाच इंडो-युरोपीय धातूपासून निघाले आहेत. तो धातू म्हणजेच संस्कृत 'वच्'. म्हणजे ओंग यांना जो शब्द हवा होता तो मराठीपाशी तयारच आहे, असे म्हणून कोणालाही हर्ष व्हावा. पण हा तयार शब्द मराठीत कशासाठी वापरला जातो? ग्रंथकाराच्या सर्व लेखनाचे संकलन छापले की ते 'समग्र वाङ्मय'. महात्मा फुले यांच्या समग्र वाङ्मयात हंटर आयोगाला १८८२ मध्ये सादर केलेले निवेदनसुद्धा येते. दुसऱ्याचा छापील मजकूर उचलला की ते 'वाङ्मयचौर्य'. ग्रंथांची यादी केली की ती 'वाङ्मयसूची'. 'लोकवाङ्मय' हा शब्द आहे, आणि त्या नावाचे गृह पुस्तके छापते. उलट, जे खरोखर कंठातून कंठात गेले, कधी कागदावर आले नाही, त्याचे अधिक रूढ नाव 'लोकसाहित्य'. दुर्गा भागवतांच्या १९५६ च्या ग्रंथाचे शीर्षक 'लोकसाहित्याची रूपरेखा' असे आहे. म्हणजे वाणीचा शब्द छापखान्याकडे गेला आणि ज्या 'साहित्य' शब्दाच्या पोटी वाणीही नाही आणि अक्षरही नाही तो मौखिकाकडे आला. मराठी भाषकांनी हे करताना कोणाचाही सल्ला घेतला नाही.

'साहित्य' शब्दाचीही तीच कथा. भामहाने शब्द आणि अर्थ यांच्या सहितत्वात काव्य पाहिले, कुंतकाने त्या सहितत्वाची सूक्ष्म चर्चा केली, रवींद्रनाथांनी त्याच 'सहित'मधून माणसामाणसांचे मिलन काढले. तीन विचार आहेत, तिन्ही आपापल्या जागी मोलाचे आहेत. पण ते विचार 'सहित' शब्दातून निघालेले नाहीत, विचार आधी होता आणि शब्द सोयीचा सापडला. नाहीतर स्वयंपाकाचे साहित्य आणि बांधकामाचे साहित्य यांतूनही कोणीतरी एव्हाना सौंदर्यशास्त्र काढले असते. 'अक्षर वाङ्मय' म्हणजे न क्षरणारे वाङ्मय, हा प्रस्तावनाकारांचा लाडका श्लेषही याच जातीचा. ते पुस्तक दहा वर्षांत रद्दीत गेले तरी 'अक्षर' शब्दाला काही होत नाही. मराठीत हा मोह जुना आहे. राजवाड्यांसारखा प्रचंड व्यासंगी माणूसही धातू आणि शब्द यांच्या आधारे समाजाचा इतिहास रचायला निघाला, आणि जेथे त्यांच्या हाती दप्तरे होती तेथे ते जितके भक्कम आहेत तितकेच केवळ शब्द होते तेथे डळमळीत.

व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे, हे सांगण्यासाठी ज्याँ पोलाँ यांनी १९५३ मध्ये फ्रेंचमध्ये एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. क्विंटिलियननेही 'लूकुस', म्हणजे राई, हिला ते नाव तेथे उजेड नसतो म्हणून पडले, अशा व्युत्पत्तींची टर उडवली होती. परंतु मराठी समीक्षेला यासाठी पॅरिस किंवा रोमला जाण्याची गरज नव्हती. अलंकारशास्त्रात हा वाद झालेला आहे आणि निकालातही निघालेला आहे. मम्मटाने 'कुशल' शब्दाचे उदाहरण घेऊन म्हटले की त्याचा मुख्यार्थ कुश कापून आणणारा. निपुण हा अर्थ रूढ लक्षणेने येतो. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने यावर आक्षेप घेतला. शब्द ज्यावरून सिद्ध होतो ते निमित्त वेगळे आणि तो ज्या अर्थाने प्रवृत्त होतो ते निमित्त वेगळे, असे त्याचे उत्तर आहे. व्युत्पत्तीने मिळणारा अर्थच मुख्यार्थ मानला तर 'गौ' हा शब्द 'गम्' धातूपासून निघाला असल्याने निजलेल्या गाईला गाय म्हणतानाही लक्षणा मानावी लागेल. हे ज्या ग्रंथात लिहिले आहे त्याचे नाव 'साहित्यदर्पण'. देशी परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी देशी परंपरेतील हा उत्तरपक्ष दृष्टीआड करावा आणि सेव्हिलच्या बिशपाची रीत चालवावी, हे विलक्षण आहे.

ओंग यांच्या मांडणीतील विसंगतीही येथेच उघडी पडते. 'टेक्स्ट' हा शब्द विणणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे, त्यामुळे व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो मौखिक उच्चाराला 'लिटरेचर'हून अधिक जुळतो, हे ते मान्य करतात. पण लगेच म्हणतात की आजचा साक्षर माणूस 'टेक्स्ट' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात लिखितच असते. 'एपोस'चेही तसेच : मूळ वाणीचे असले तरी आता त्याला महाकाव्याचा अर्थ चिकटला आहे, म्हणून तो शब्द सर्वत्र चालणार नाही. म्हणजे 'टेक्स्ट' आणि 'एपोस' यांच्या बाबतीत रूढी व्युत्पत्तीवर मात करते आणि 'लिटरेचर'च्या बाबतीत व्युत्पत्ती रूढीवर. हा न्याय नव्हे. वेलेक आणि वॉरन यांनी १९४९ मध्येच हा प्रश्न सरळ हाताळला होता : 'लिटरेचर' शब्दाच्या व्युत्पत्तीमुळे लिखिताचा संकोच सूचित होतो ही अडचण आहे, जर्मन व रशियन भाषांतील शब्दकलावाचक संज्ञा त्या मानाने बऱ्या, पण मौखिक रचना साहित्याच्या विचारात घ्यावीच लागेल. अडचण नोंदवली, आणि ते पुढे गेले.

या सगळ्याचा प्रत्यक्ष परिणाम कोणावर होतो? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने आणि आप्ताने उतरून घेतली आणि १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने आली. 'लिट्टेरा'वाल्यांच्या हिशेबाने त्या छापखान्याच्या दारातून साहित्यात शिरल्या. 'वाक्'वाल्यांच्या हिशेबाने त्या तेथे शिरल्यामुळे काहीतरी गमावून बसल्या. दोन्ही पक्षांना गाण्याची रचना पाहण्याचे कारण पडत नाही. जात्यावरच्या ओव्यांची स्थिती याहून बिकट आहे. साने गुरुजींनी त्या 'स्त्रीजीवन'मध्ये गोळा केल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात १ लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. सामग्रीची उणीव नाही. तरी समीक्षेत ओवीचा उल्लेख येतो तो बहुधा दोनच प्रकारे : 'हे साहित्य नव्हेच, त्याचे निकष वेगळे' असा, किंवा 'हेच खरे वाङ्मय, त्याला निकष लावणे हा अपराध' असा. पहिल्या भूमिकेत ओवी ऐच्छिक प्रश्नपत्रिकेत जाते, दुसरीत देव्हाऱ्यात. सीतेच्या वनवासाची तीच पहिली ओळ वेगवेगळ्या बाया निरनिराळ्या दुसऱ्या ओळींना जोडतात, तेव्हा जोडणीचे नियम कोणते. भाऊ, लेक, पंढरी यांची संबोधने ओळीत कोणत्या जागी पडतात आणि तेथेच का पडतात. दळणाचा घेर बदलला की यती सरकते काय. गाणारीने स्वतःचे नाव किंवा गाव ओवीत घातले तर ती आपली झाली असे दुसरी मानते काय. असे प्रश्न आल्बर्ट लॉर्ड यांनी 'द सिंगर ऑफ टेल्स' (१९६०) मध्ये युगोस्लाव्हियातील गायकांना प्रत्यक्ष विचारले होते, आणि ओंग यांची मांडणी ज्या थोड्या ग्रंथांवर उभी आहे त्यांत तो एक आहे. ओवीच्या बाबतीत ते विचारण्यासाठी ज्या स्त्रियांकडे जायला हवे त्यांची संख्या विजेची गिरणी गावोगाव पोचली तेव्हापासून घटत आली आहे.